गच्चीवरून मैदान: प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

पहिल्याच दिवशी हेतू लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर इथे परत येता येईल. आमच्या मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ खेळतो. त्यांचे सामने मोबाईलवर टिपायचे, चेंडू कुठे मिळाला आणि कुठे गेला याचा नकाशा काढायचा आणि तो एका कागदावर छापून सोमवारी सकाळी सरांच्या हातात द्यायचा. ॲप नको, लॉगिन नको. सरांना कागद आवडतो. चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि पाण्याच्या ब्रेकला मुलींना गोल बसवून तोच उघडतात.

दिवसभर मी घरून पुण्यातल्या एका कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सकाळी सहा ते आठ मैदान. दहा वर्षं ही दोन्ही कामं वेगवेगळी ठेवली, आता ठेववत नाहीत. सोलापुरात फुटबॉल खेळतो म्हटलं की समोरचा विचारतो, "मूळचे कोल्हापूरचे का?" कोल्हापूरला तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, पोरं पेठेच्या नावानं भांडतात. आपल्याकडे पार्क मैदान म्हटलं की क्रिकेटच. पण सकाळी सहाला अंधारात सायकलवर येणाऱ्या बावीस मुली आमच्याकडेही आहेत, आणि त्यांच्या खेळाची एक ओळही कुठे लिहिली जात नाही.

सुरुवात तयार माहितीपासून केली. स्टॅट्सबॉम्ब ही कंपनी काही स्पर्धांतल्या प्रत्येक पासची, प्रत्येक शॉटची नोंद फुकट देते. त्यात २०२२ चा विश्वचषक आहे, आपल्या आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, २०२१-२२ चा हंगामही आहे. विश्वचषकाचे ६४ सामने उतरवले आणि हात बसावा म्हणून सगळ्यांत सोपी गोष्ट केली: एकूण गोल मोजले. १७२ यायला हवे होते. आले १९६.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसचं काम संपल्यावर रात्री १९६ चा छडा लागला. बरोबरी फोडायला शेवटी घेतात ते पेनल्टी शूटआऊट या नोंदींमध्ये पाचवा कालखंड म्हणून येतो आणि त्यातला प्रत्येक यशस्वी फटकाही 'गोल' म्हणूनच लिहिलेला असतो. त्या विश्वचषकात पाच सामने शूटआऊटवर गेले. जपान-क्रोएशियाचे ४, मोरोक्को-स्पेनचे ३, क्रोएशिया-ब्राझीलचे ६, नेदरलँड्स-अर्जेंटिनाचे ७ आणि अंतिम सामन्याचे ६, असे २६. ते वजा केले तर उरले १७०. म्हणजे आता दोन कमी! ते दोन स्वयंगोल निघाले, म्हणजे खेळाडूकडून स्वतःच्याच गोलात गेलेले. स्वयंगोल हा शॉट नसतो, त्याची नोंद वेगळ्या नावाने असते. १७० अधिक २, हिशेब जुळला.

बिलिंगमध्ये रक्कम जुळली की जो आनंद होतो तोच झाला, फक्त इथे प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी चेंडूला पाय लावलेला होता. बराच वेळ झोप आली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलाय. काल भोगीला अक्षता सोहळ्याला सगळे गेलो होतो, सातही नंदीध्वज डोळे भरून पाहिले. काम बंद. मुलींनाही सुट्टी.

१९ जानेवारी, रविवार

आज मैदान मोजलं. आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर. नियमात लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० चालते. आमचं किती, हे सरांनाही नक्की माहीत नव्हतं. तीस मीटरची टेप, दोन मुली टोकांना, एक वही घेऊन. लांबी ९४, रुंदी ५६.

मग कर्ण मोजले. आयत असता तर दोन्ही १०९.४ यायला हवे होते. एक १०८ आला, दुसरा ११०.८. म्हणजे आमचं मैदान किंचित कललेलं आहे, एका बाजूला ढकलल्यासारखं. इतकी वर्षं फक्की मारताना आम्ही रस्त्याच्या कुंपणाला समांतर रेघ ओढत आलो आणि कुंपणच तिरकं आहे. पुढच्या वेळी तीन-चार-पाचचा काटकोन काढून फक्की मारायची असं ठरलं. गवंडी पाया आखताना करतात तेच.

गोलपोस्टही मोजला. ७.३२ मीटर हवा, आमचा ७.१०. गोलकीपर मुलगी टेपेकडे बघत म्हणाली, "दादा, म्हणजे मी अजून बावीस सेंटिमीटर जास्त उडी शिकायला पाहिजे." तिच्या वहीत तो आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला मी पाहिला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर मैत्रीचा सामना. मैदानाशेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला. घरमालक काकांनी चहाही दिला.

फिफाने कतारमध्ये ऑफसाईड पकडायला छताखाली १२ कॅमेरे लावले होते. ते प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत असे. माझ्याकडे एक मोबाईल, सात मीटर उंचीची गच्ची आणि मध्येच येणारं कडुलिंबाचं झाड.

चित्रातल्या जागेवरून मैदानावरची जागा काढायला होमोग्राफी वापरतात. चित्रातले किमान चार बिंदू आणि त्यांची जमिनीवरची खरी मापं दिली की बाकी प्रत्येक बिंदूचं गणित मांडता येतं. चार कोपरे घ्यावेत तर एक झाडामागे. फक्कीच्या रेघा मध्यंतरापर्यंत पुसल्या जातात. म्हणून मोजलेल्या आठ जागी केशरी मार्कर ठेवले.

तपासणीसाठी दोन जास्तीचे मार्कर ठेवले होते, त्यांची जागा गणिताला सांगितली नव्हती. जवळच्या बाजूला चूक ४० सेंटिमीटर, पलीकडच्या बाजूला २ मीटर ३०. कारण उघड आहे: कॅमेरा कमी उंचीवर असला की दूरची जमीन चित्रात दाबली जाते, तिथल्या एकेका ठिपक्यात खूपशी जमीन मावते. काकांच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर चढलो तर आणखी दोन मीटर मिळतील.

२ फेब्रुवारी, रविवार

टाकीवर चढलो. चूक दीड मीटरवर आली.

खेळाडू आपोआप ओळखायचं मॉडेल चालवलं. पहिल्याच मिनिटाला मैदानावर ४१ माणसं! सकाळी फिरायला आलेले आजोबा, मुलींचे पालक, कडेला बसलेल्या बदली खेळाडू, सगळे मोजले गेले. त्यावर उपाय सापडला: मॉडेल प्रत्येक माणसाभोवती आखतं त्या चौकटीचा खालचा मधला बिंदू म्हणजे पाय समजायचे, आणि ते मैदानाच्या मापात पडले तरच माणूस धरायचा.

चेंडूचं मात्र जमत नाही. होमोग्राफी फक्त जमिनीच्या पातळीपुरती खरी असते. चेंडू हवेत गेला की गणिताला वाटतं तो लांब जमिनीवर पडलाय. गोलकीपरची उंच किक नकाशावर पार कुंपणाबाहेर, रस्त्यावर दिसली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन मुली एकमेकींना ओलांडून गेल्या की मॉडेलने त्यांना दिलेले क्रमांक अदलाबदल होतात. धुळीने दोन्ही संघांचे कपडे सारखेच पिवळसर दिसतात, त्यामुळे रंगावरून संघ ओळखणंही फसतं. चार रात्री यात गेल्या आणि एका मुलीची धाव म्हणून जी रेघ छापणार होतो ती प्रत्यक्षात तिघींची मिळून होती. ती सरांना दाखवली असती तर त्यांनी त्या मुलीला काहीतरी सांगितलं असतं, आणि ते खोटं असतं.

आपोआप ओळखणं थांबवलं. हाताने टॅगिंग करायचं. एक साधं पान बनवलं: डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे आमच्या मापाचं मैदान, ९४ बाय ५६, किंचित कललेलंच. व्हिडिओ थांबवायचा, मैदानावर जागा टिचकवायची, एक कळ दाबायची. 'प' म्हणजे पास, 'ग' म्हणजे चेंडू समोरच्या संघाकडे गेला, 'म' म्हणजे मिळाला, 'श' म्हणजे शॉट.

इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाच्या हवाई दलातल्या हिशेबनिसाने १८ मार्च १९५० ला स्विंडन टाउनच्या सामन्यात पेन्सिल काढून हेच सुरू केलं होतं. त्याच्या आधी कुणी इतक्या चिकाटीने असं टिपून ठेवलेलं मला वाचायला मिळालेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

घोटा मुरगळलेली आमची डावी बॅक आज घरी टॅगिंगला आली. आईने तिला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही दिलं आणि ती खात खात एका हाताने कळा दाबत होती. पहिल्या अर्ध्या तासात माझ्यापेक्षा वेगवान झाली. तिला खेळ आतून माहीत आहे. मी ज्याला 'चुकीचा पास' म्हणून खूण केली तिथे ती म्हणाली, "नाही दादा, पास बरोबर होता, ही पळायची थांबली." म्हणून आणखी एक कळ वाढवली: 'थ', पोचली नाही.

रात्री तिच्या आणि माझ्या नोंदी ताडून पाहिल्या. सामन्याच्या शेवटी तिच्या वेळा माझ्यापेक्षा ११ सेकंद पुढे. आधी वाटलं तिचा हात घाईचा. पण चूक माझीच होती. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मी 'चित्रं भागिले ३०' असं करून वेळ काढत होतो, आणि मोबाईल नेमकी सेकंदाला ३० चित्रं घेतच नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की वेग कमीजास्त करतो. प्रत्येक चित्राबरोबर त्याची खरी वेळ फाईलमध्ये असते, ती वाचली आणि फरक मिटला. उद्या सकाळी तिला सांगायचं की तिचं बरोबर होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेल्या महिन्यात खेळाच्या माहितीवर काम करणाऱ्या एका कंपनीला अर्ज केला होता. आज व्हिडिओवर मुलाखत झाली. मी ऑफसाईड, प्रेसिंग, सगळं घोकून बसलो होतो. त्यांनी फुटबॉलवर एकच प्रश्न विचारला, तोही शेवटी. बाकी वेळ एकाच गोष्टीवर गेला: माणसाने टॅग केलेली नोंद एक-दोन सेकंद मागे असते, कॅमेऱ्याची नोंद सेकंदाला २५ वेळा येते, ही दोन घड्याळं कशी जुळवाल?

मी त्यांना ११ सेकंदांची गोष्ट सांगितली. मग किकऑफ आणि दोन्हीकडे स्पष्ट दिसणाऱ्या इतर घटना खुंट्यांसारख्या धरून मधला भाग कसा ताणायचा ते कागदावर काढून दाखवलं. बिलिंगमध्ये बँकेची वेळ आणि आपली वेळ जुळवायला मी हेच करतो. दहा वर्षांचं जे काम मला खेळापासून लांबचं वाटत होतं, त्याच कामाबद्दल ते खोदून खोदून विचारत होते.

लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे प्रमुख राहिलेले इयन ग्रॅहॅम भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट. डेन्मार्कचा मिट्युलँड आणि लंडनचा ब्रेंटफर्ड हे क्लब मॅथ्यू बेनहॅम यांनी आकडेमोडीच्या पायावर उभे केले. असल्या गोष्टी वाचून मी हरखून जायचो. आज पहिल्यांदा त्या जगातल्या रोजच्या कामाचा नमुना पाहिला आणि तो ओळखीचा निघाला.

२ मार्च, रविवार

चार सामने टॅग करून झाले. पहिला रंगीत नकाशा छापला: मैदानाचे १२ बाय ८, म्हणजे ९६ चौकोन, प्रत्येकात आम्ही चेंडू किती वेळा गमावला त्यावर रंग गडद. अगदी टीव्हीवर दाखवतात तसा. हौसेने बाबांना दाखवला.

बाबांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची डिझाईनं केली. आधी ग्राफ कागदावर चौकोन भरायचे, मग त्याबरहुकूम कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. मोर, कमळ, वेलबुट्टी सगळी त्यातूनच उमटते. १८०४ मध्ये जॅकार्डने फ्रान्समध्ये ते यंत्र केलं, आणि त्याचीच कार्डं पुढे बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी योजली. मी कॉम्प्युटर शिकायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षाला हे वाचलं आणि घरी येऊन बाबांच्या कपाटातली जुनी कार्डं काढून बघितली होती.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने घरं मोजली. आडवी बारा, उभी आठ. "ही घरं लई बारीक घेतलीस. एवढ्या घरांना धागे किती आहेत तुझ्याकडं?"

"म्हणजे?"

"नोंदी किती?"

चेंडू गेल्याच्या ३१२ नोंदी होत्या. ९६ घरांत वाटल्या तर एकेका घरात सरासरी तीन. बाबा म्हणाले, "तीन धाग्यात मोर निघत नाही. कुत्रं का मोर, बघणाऱ्याला कळत नाही. घरं मोठी कर."

एका घरात तीनाच्या जागी पाच आले की माझा रंग लाल होत होता, आणि दोन नोंदी कमी-जास्त होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. मैदानाचे सहा बाय तीन असे अठरा भाग केले. आता एका भागात सरासरी सतरा. आधीचे अर्धे लाल डाग गायब झाले. डावीकडचा, आपल्या अर्ध्याच्या थोडा पुढचा एक डाग राहिला, आणि तो चारही सामन्यांत होता.

बाबांनी कागद परत दिला नाही. उशीजवळ ठेवून झोपले.

९ मार्च, रविवार

सरांना कागद देण्याआधी स्वतःला अडवलं. रीपच्या कामातली खोट हीच होती. बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांतून होतात असं त्याला दिसलं आणि लांब चेंडू मारणंच बरं असा निष्कर्ष निघाला. पण मुळात बहुतेक चाली तीन पासांच्या आतच तुटतात. किती झाले एवढं मोजून भागत नाही, कितीपैकी झाले ते मोजावं लागतं.

डावीकडच्या डागात मुख्यतः गोलकीपरच्या किका होत्या. चार सामन्यांत ६४. डावीकडे ४५, त्यांतल्या ३१ समोरच्या संघाकडे गेल्या. उजवीकडे १२, त्यांतल्या ८ गेल्या. मधे ७, त्यांतल्या ४. म्हणजे शेकडेवारीत डावीकडे ६९ आणि उजवीकडे ६७. डावी बाजू कमजोर आहे असं मी म्हणालो असतो तर घोटा बरा होऊन परत आलेल्या त्या मुलीवर उगाच ठपका आला असता. खरा प्रश्न असा की चेंडू एवढा डावीकडेच का जातो?

सरांनी कागद पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गोलकीपरला हाक मारली आणि फक्त विचारलं, "उजवीकडे का मारत नाहीस गं?"

"सर, तिकडं खडी आहे. ती पळतच नाही तिकडं. गेल्या वेळी पडली तेव्हा दोन्ही गुडघे सोलले तिचे."

आम्ही तिघं चालत उजव्या बाजूला गेलो. मागच्या वर्षी शेजारी काम झालं तेव्हाची उरलेली खडी तिथे पसरलेली आहे, वर धूळ बसल्यामुळे गच्चीवरून दिसत नाही. सर उकिडवे बसले आणि हाताने माती बाजूला केली. बोटभर लांबीचे, धारदार दगड. मी याच बाजूने रोज मैदानात येतो.

१६ मार्च, रविवार

आज सराव नाही. खडी वेचली. बावीस मुली, सात-आठ पालक, सर, मी. एका मुलीचे वडील बांधकामावर आहेत, त्यांनी चाळणी आणि फावडी आणली. सकाळी सहा ते साडेनऊ, २३ घमेली निघाली. नंतर ऊन सोसेना. माती बसायला पाणी मारायला हवं, पण नळालाच चार दिवसांआड पाणी येतं, तर मैदानाला कुठून! काका म्हणाले, टाकी भरली की पाईप सोडतो.

उजवीकडची फॉरवर्ड मुलगी सगळ्यांत शेवटी गेली. हाताने चाचपत चाचपत अख्खी पट्टी एकदा पालथी घातली, आणि मग बूट काढून अनवाणी पळून पाहिलं.

२२ मार्च, शनिवार

शॉटचं गणित सरांसाठी सोपं करून मांडलं. गोल होण्याची शक्यता सांगणाऱ्या मॉडेलमध्ये दोन गोष्टी सगळ्यांत जास्त बोलतात: अंतर, आणि दोन पोस्टांमध्ये दिसणारा कोन. ७.३२ मीटरचा पोस्ट धरला तर पेनल्टीच्या जागेवरून, ११ मीटरवरून, हा कोन सुमारे ३७ अंश. तेवढंच पुढे पण १० मीटर बाजूला सरकलं तर २१ अंश. आणि २० मीटरवरून अगदी समोर उभं राहिलं तरीही २१ अंशच!

हे मैदानावर दोरीने दाखवलं. एक दोरी एका पोस्टला, दुसरी दुसऱ्याला, टोकं मुलीच्या हातात. बाजूला सरकली की दोऱ्या जवळ येतात. आमच्या १९ शॉटपैकी ११ बाजूने मारलेले होते. सर म्हणाले, सोमवारपासून हा सराव दोऱ्या बांधूनच करायचा.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारून मैदानावर गेलो. काटकोन काढून नवी फक्की मारली. कर्ण मोजले: १०९.३ आणि १०९.५.

कंपनीचं पत्र आलंय. काम द्यायची तयारी आहे, पण बंगळुरूला यावं लागेल. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, रात्रीचा प्रवास आहे, असं आई जेवताना म्हणाली. म्हणजे तिचा होकार आहे. मी त्यांना उत्तर लिहिलं की काम मला मनापासून हवं आहे, पण हंगाम संपेपर्यंत सोलापुरातूनच करीन, आणि रविवारी सकाळी सहा ते दहा कुणालाही सापडणार नाही. सोबत घड्याळं जुळवायचा माझा प्रोग्रॅमही पाठवला.

६ एप्रिल, रविवार

खडी काढल्यानंतरचा पहिला सामना. ऊन वाढायच्या आत, साडेसहाला सुरू केला. १-१ सुटला.

गोलकीपरच्या १५ किका: डावीकडे ७, उजवीकडे ६, मधे २. गेल्या ८. एका सामन्याच्या पंधरा किकांवरून काही ठरवायचं नाही, हे वहीत ठळक लिहून ठेवतो. बाबांनीही तेच विचारलं, "धागे किती झाले?"

एक मात्र लिहितो. ६१ व्या मिनिटाला किक उजवीकडे आली, उसळली नाही, आणि ती मुलगी नजर वर ठेवून पूर्ण वेगाने त्या पट्टीवरून गेली. टाकीवरून मी नुसता ओरडलो. व्हिडिओत माझाच आवाज आहे.

कंपनीचं उत्तर अजून नाही. पुढच्या रविवारी बाहेरच्या मैदानावर सामना आहे, तिथे गच्ची नाही. उद्या संध्याकाळी सायकलवर जाऊन उंच जागा बघायची. टेप बाबांच्या कपाटात आहे.